कुंटे मास्तर आणि बेशिस्त पाऊस

केडगावात आमच्या शेजारी राहणारे कुंटे मास्तर पावसाला रागवायचे. रागवायचे म्हणजे घरात बसून कुरकुरायचे नव्हे. छत्री मिटून, भर रस्त्यात उभं राहून, आभाळाकडं बोट करून: “बेशिस्त! ही काय यायची वेळ? इतके दिवस कुठं उंडारत होतास?” पाऊस काही उत्तर द्यायचा नाही. मग मास्तर आणखी भडकायचे. “वर पुन्हा उद्धटपणा!”

शाळेत ते भूगोल शिकवायचे. सह्याद्री कसा झाला हे सांगताना स्वतःच ज्वालामुखी व्हायचे. “लाव्हा! थरावर थर! थरावर थर!” दर थराला टेबलावर एक गुद्दा. पुढच्या बाकावरच्या दौती सांडायच्या, आणि सांडल्या म्हणून मारही आम्हालाच.

या रागापायीच एक घर तुटलं होतं. त्यांची धाकटी बहीण गोदी हरिश्चंद्रगडाखाली, कोकणात दिलेली. लग्नात कानपिळीला मास्तरांना पुढं केलं. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान नुसता धरल्यासारखा करायचा, मानाचं उपरणं घ्यायचं, सगळ्यांनी हसायचं, संपलं. पण मास्तरांचा हात पडला शाळेतला. सवयीनं असा काही पिळा दिला की नवरदेव पाटावरून अर्धा उठला आणि “आई गं!” करून ओरडला. व्याही खवळले. माफी मागा म्हणाले.

“कानपिळी आहे, कान पिळला. चुकलं काय?” मास्तर गरजले. “तुमच्या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही मी!”

नाहीच चढले. व्याह्यांनीही गोदीला कधी माहेरी धाडली नाही. भाऊबीज आली की मास्तर दिवसभर दिसेल त्याच्याशी भांडायचे.

मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसलो, त्या दिवाळीत ते आमच्या दारात येऊन म्हणाले, “चल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून गोदीचं घर दिसतं म्हणे. नुसतं बघायचं. बघितल्यानं शपथ मोडत नाही.” पाठीला जुन्या बाजारात घेतलेली गोऱ्या शिपायाची पिशवी. तीत हिरवा खण.

“बघायलाच जायचं तर खण कशाला, मास्तर?”

“तुला काय करायचंय? चाल!”

राजूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं पाचनईपर्यंत पायपीट. तिथपर्यंत कसं लख्ख ऊन. भाऊबीजेच्या सकाळी गड चढायला लागलो आणि धो धो कोसळायला लागला.

“पुस्तकात पाऊस सप्टेंबरात संपतो!” मास्तर वर बघून ओरडले.

वाट दाखवायला घेतलेला म्हादू घोंगडीच्या खोळीतून म्हणाला, “गुर्जी, ते पुस्तक हितवर न्हाई पोचलं अजून.”

“तू गप!”

“आमी गपच हाये. त्योच बोलतोय.”

कातळ नुसता शेवाळलेला. मास्तर पाय घसरून आपटायचे आणि शिवी द्यावी तसे किंचाळायचे, “बेसाल्ट!” माझाही पारा चढला होता. चपलेचा अंगठा तुटला, भाकरीची पेज झाली, आणि वर हे मलाच म्हणतात, “नीट चाल, गाढवा!”

कड्यावर पोचलो तर समोर पांढरं. नुसतं पांढरं. जमीन कुठं संपते तेही कळेना. म्हादूनं आम्हाला पोटावर झोपवलं आणि पाय धरून ठेवले. मास्तरांनी पालथं पडूनच ढगाला फैलावर घेतलं. “हो बाजूला! एवढं चालून आलोय! एक डोळाभर बघू दे की, मेल्या!” आवाज चिरकायला लागला. ढग ढिम्म.

मग त्यांनी पिशवीतला खण काढला, चुरगळून दगडासारखा गोळा केला आणि खाली भिरकावला. कड्याखालून वारा असा उसळला की खण वर आला आणि मास्तरांच्या तोंडावर बसला. पुन्हा टाकला. पुन्हा वर. “खाली जा म्हणतो ना! तिचा आहे तो!” मास्तर रडकुंडीला येऊन ओरडले.

म्हादूनं आम्हाला मागं ओढलं. “ऱ्हाऊ द्या, गुर्जी. खालीबी हाच गोंधळ आसंल. भात कापून पडलंय समद्यांचं खाचरात. आता कुजनार.”

मास्तर एकदम थांबले. ओला खण मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत बसले. “गोदीचंपण भातच आहे,” म्हणाले. इतकं हळू, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

थोड्या वेळानं उठले. कड्यापासून चार पावलं मागं सरून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“अरे बाबा,” ते पावसाला म्हणाले, “इथं पड. पाहिजे तेवढा पड. खाली नको जाऊस.”

आणि टक्कल पुढं करून तसेच उभे राहिले.