मनातल्या भांडणात हरणारा माणूस

एकट्याने भांडू शकणारा प्राणी या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो म्हणजे माणूस. कुत्र्याला भांडायला दुसरं कुत्रं लागतं. मांजराला निदान कुंपणापलीकडचं मांजर तरी लागतं. माणसाचं मात्र एक बादली पाणी आणि बंद दार एवढ्यावर भागतं. तेवढ्यात तो साहेबाला निरुत्तर करतो, मेहुण्याला त्याची जागा दाखवून देतो, परवा दुकानदाराला जे बोलायचं राहून गेलं होतं ते चांगलं चारचौघांत बोलतो आणि अंग पुसत, प्रसन्न चेहऱ्याने बाहेर येतो.

या गुणाची शास्त्रशुद्ध दखल घेणारी संस्था म्हणजे ‘मानवी दुर्गुण व चमत्कारिक अनुभव अभ्यास केंद्र’. केंद्राचं आजवरचं कार्य मोठं आहे. मत्सरावर दोन तुकड्यांनी संशोधन केलं; पैकी एका तुकडीला खिडकीची खोली मिळाल्यावर दुसरीने काम सोडलं, आणि सिद्धान्त आपोआप सिद्ध झाला. चुगलीवरचे निष्कर्ष जाहीर होण्याआधीच सगळ्यांना माहीत होते. आळसावरचा अहवाल अजून यायचा आहे. चमत्कारिक अनुभवांच्या विभागात, फोन न वाजता वाजल्यासारखा वाटणे, कोणी हाक न मारता ओ देणे, आणि ‘हे आधी घडलं आहे’ असं वाटणे (ही फाईल चुकून दोनदा उघडली गेली) अशा विषयांवर काम चालतं.

पण केंद्राची खरी कीर्ती मनातल्या भांडणावरच्या पाहणीमुळे झाली. शंभर माणसं तपासली. सत्त्याण्णव जण जिंकले. दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं (दोघेही वकील होते). उरलेला एक जण भांडता भांडता झोपला. यावरून केंद्राने निकष ठरवला की मनातल्या भांडणात जिंकणं हे निकोप मनाचं लक्षण आहे. हरलेला माणूस पाहणीत कोणी सापडलाच नव्हता, म्हणून त्याला काय म्हणायचं हे ठरवलं गेलं नाही.

अशा वेळी मिस्त्री तिथे आले.

मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे, आता निवृत्त. त्यांची बायको गेल्या वर्षी वारली. त्यानंतरही दोघांची भांडणं पूर्वीसारखीच चालू होती. मिस्त्री स्वयंपाकघरात उभे राहून मोठ्याने बोलायचे, मग थांबून ऐकायचे, मग आणखी मोठ्याने बोलायचे. तक्रार केली ती वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी.

“आवाजाचं काही नाही हो,” बाई मिस्त्रींच्या लेकीला म्हणाल्या, “पण एकच बाजू ऐकू येते. काल तेलाच्या डब्यावरून चाललं होतं. रंगात आलं होतं अगदी. आणि हे मध्येच म्हणाले, ‘बरं, ते एक सोड.’ आता ते एक म्हणजे काय? मुलांची बेरीज तपासताना माझं लक्षच लागेना.”

लेक शहाणी होती, आणि काळजीतही होती. ती म्हणाली, “बाबा, सरळ सांगते. केंद्राने तुम्ही ठीक आहात असा दाखला दिला तर राहा इथे एकटे, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर या घराला कुलूप लावू आणि तुम्ही माझ्याकडे चला. तुमची खोली तयार आहे.”

खोली खरंच चांगली होती. जावईही भला माणूस. मिस्त्रींची अडचण वेगळीच होती. बायको लेकीच्या घरी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. जावयासमोर ती ‘हो ना’ आणि ‘छान झालंय’ यापलीकडे जात नसे. तिथे राहायला गेलो तर ती तोंडच उघडणार नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पहिली तपासणी केंद्रातल्या मॅडमनी घेतली. खोलीत दोन खुर्च्या, एक रिकामी. काचेपलीकडे डॉक्टर, म्हणजे केंद्राचे प्रमुख.

“नेहमीसारखं भांडा,” मॅडम म्हणाल्या. “त्या काय म्हणतात तेही मोठ्याने सांगा, म्हणजे मला लिहून घेता येईल. विषय कुठलाही चालेल.”

मिस्त्रींनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. “अगं, उकडतंय. पंखा पाचावर करतो.”

मग ते थांबले. “ती म्हणते, आधी अंगातला स्वेटर काढा.”

मॅडमनी वर पाहिलं. मिस्त्रींच्या अंगात स्वेटर होता. त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला.

“पुढे?”

“पुढे काय? आता नाही उकडत.”

काचेपलीकडून डॉक्टर धावत आले. दुसरी फेरी लगेच घेण्यात आली. या वेळी विषय हरवलेल्या छत्रीचा होता. छत्री तू हरवलीस, असा मिस्त्रींनी ठणकावून आरोप केला, आणि ती दाराच्या मागे आहे असं उत्तर मिळालं. लेकीने घरी जाऊन पाहिलं. दाराच्या मागे होती.

“छत्री तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“माहीत असतं तर भांडलो असतो का?”

डॉक्टरांनी मग मिस्त्रींना शास्त्र समजावून सांगितलं, आणि ते बरंच चांगलं सांगितलं. ते म्हणाले, “एका माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहिलं की आपला मेंदू त्याची उत्तरं आधीच तयार करायला शिकतो. तुम्ही तोंड उघडायच्या आत, समोरून काय येणार हे त्याने जुळवून ठेवलेलं असतं. कारखानाच म्हणा. माणूस गेला तरी कारखान्याला ते कोणी कळवत नाही, तो माल काढत राहतो. छत्री तुम्हीच ठेवली होती. तुम्ही विसरलात, कारखाना विसरला नाही.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले.

“तेव्हा त्या बोलत नाहीत, तुम्हीच बोलता. आणि तुम्हीच दोन्ही बाजूंनी असाल तर तुम्ही हरता कसे?”

“ती बरोबर असते.”

“मुद्दाम हरता का?”

“मुद्दाम कशाला हरेन? जिंकायचं म्हणूनच तर सुरू करतो.”

असा माणूस केंद्राने पाहिला नव्हता. त्यांच्यासाठी खास अभ्यासक्रम आखण्यात आला. सोप्या प्रतिस्पर्ध्यापासून सुरुवात करायची आणि चढत चढत जायचं. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात बसमधल्या अनोळखी माणसाला नामोहरम केलं. मग जुन्या साहेबाला हरवलं. साहेबाने चूक तर कबूल केलीच, वर उठून मिस्त्रींना स्वतःची खुर्ची देऊ केली. धाकट्या भावाने माफी मागितली. व्याह्यांनी तर भांडण सुरू व्हायच्या आत हात जोडले. मॅडम खूश झाल्या. प्रगती उत्तम होती. बायकोशी गाठ पडली की मात्र मिस्त्री पुन्हा पायरीवरून खाली.

“कुठे अडतं नेमकं?” मॅडमनी एकदा विचारलं.

“साहेब मी म्हणेन ते बोलतो,” मिस्त्री म्हणाले. “ही तिचं तिचं बोलते.”

हे उत्तर ‘सहकार्य करत नाही’ या सदरात टाकण्यात आलं.

शेवटची चाचणी मंडळासमोर झाली. मंडळात डॉक्टर, मॅडम आणि एक पाहुणे तज्ज्ञ होते, ज्यांनी अहंकारावर जगातला सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला होता (त्यांनी तो आणलाही होता). लेक बाजूच्या खुर्चीवर बसली. ती पर्स मांडीवर घट्ट धरून होती. नियमाप्रमाणे विषय डॉक्टरांनी दिला.

“विषय आहे, ‘तू आता नाहीस.’ हे त्यांना पटवून द्यायचं.”

“दुसरा विषय घ्या ना,” लेक हळूच म्हणाली.

“पंख्यावर जिंकून काय सिद्ध होणार?” डॉक्टर म्हणाले, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं.

मिस्त्रींनी शर्टाची बाही सारखी केली. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “अगं, तू आता नाहीस.”

थोडा वेळ गेला.

“काय म्हणाल्या?” मॅडमनी विचारलं.

“म्हणते, मग बोलताय कोणाशी?”

मॅडमनी रिकाम्या खुर्चीच्या बाजूला एक गुण लिहिला.

“ते सवयीने बोलतो,” मिस्त्री खुर्चीला म्हणाले. “डॉक्टर म्हणतात, माझ्या डोक्यात कारखाना आहे. तो तुझी उत्तरं काढतो.” पुन्हा थांबले. “म्हणते, तुमच्या डोक्यात कारखाना? डोळ्यांवर चष्मा असताना घरभर चष्मा शोधणारा माणूस. कारखाना असता तर आधी तुमच्याच काही कामाला आला असता.”

लेकीला हसू फुटलं. ती हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर पदर घेतला, तो बराच वेळ खाली घेतला नाही. पाहुण्या तज्ज्ञांनाही हसू आलं होतं. त्यांनी ते ग्रंथामागे घेतलं.

दुसरा गुणही त्याच बाजूला गेला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. आता त्यांचा आवाज भांडणाचा राहिला नव्हता. “हे बघ, ऐक माझं. आज हरून चालायचं नाही. हरलो तर घराला कुलूप लागेल. तिकडे जावं लागेल मला, जावयाकडे. तिकडे तू बोलायची नाहीस, मला माहीत आहे. तेव्हा मी म्हणतोय, तू नाहीस. तू आता नाहीस. म्हणू दे मला एवढं.”

या खेपेला उत्तर यायला फार वेळ लागला. सगळे वाट बघत होते. अखेर मिस्त्रींनी मान खाली घातली.

“काय म्हणाल्या?”

“म्हणते, बरं. तुमचंच खरं.”

मॅडमनी ‘प्रतिपक्षाची संपूर्ण शरणागती’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. डॉक्टरांनी उठून हात मिळवला. काचेपलीकडे जमलेल्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या विवाहित पुरुषांचे हात जरा अडखळले. पण बायकोच्या तोंडून ‘तुमचंच खरं’ येण्याचा अर्थ काय, यावर केंद्राने अद्याप संशोधन केलेलं नाही, त्यामुळे त्यांना हरकत घेता आली नाही. दाखला तिथल्या तिथे देण्यात आला. मिस्त्री निकोप ठरले.

घरी आल्यावर त्यांनी दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “झालं बाई एकदाचं.”

उत्तर आलं नाही.

त्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला. काही नाही. चपला घालून स्वयंपाकघरात गेले, दुधाचं भांडं उघडं ठेवलं, नळ टपटपता सोडला. यातल्या प्रत्येक गोष्टीवर पूर्वी निदान एक संध्याकाळ सहज निघाली असती. घर गप्प. बायकोने धरलेला अबोला आणि बायकोचं नसणं, ही दोन्ही ऐकायला अगदी सारखी असतात. ती वेगळी ओळखणारं यंत्र केंद्राकडे नाही. (प्रस्ताव गेलेला आहे.)

आठवड्याने लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. जेवलात का, गुडघा कसा आहे, हे झालं. मग ती म्हणाली, “बाबा, आई काही म्हणते का?”

“नाही. मी जिंकलो ना.”

“त्या दिवशी ते चष्म्याचं बोलली ना, अगदी आईच होती,” ती म्हणाली. मग जरा चिडून म्हणाली, “मग हरा की आता. दाखला मिळालाय ना तुम्हाला?”

“तुझी खोली?”

“राहू दे खोली. तुम्ही हरा आधी.”

तेव्हापासून मिस्त्री हरायचा प्रयत्न करत आहेत. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, कारण हरायला समोरून कोणीतरी काहीतरी म्हणावं लागतं. ते रोज सकाळी चहा झाला की स्वयंपाकघरात उभे राहतात. “चुकलं माझं,” म्हणतात. “तू आहेस. माझंच चुकलं.” मग ओट्याला टेकून थांबतात. अजून उत्तर आलेलं नाही. मिस्त्री घाई करत नाहीत. तिचा राग असा लवकर कधी जायचाच नाही. वरच्या बाई मात्र हल्ली शिकवणी थोडी उशिरा सुरू करतात. त्यांनाही वाट बघायची असते.

केंद्राने मिस्त्रींचं प्रकरण यशस्वी म्हणून छापलं आहे, आणि उपचारांची गरज नसलेल्या सत्त्याण्णव टक्के लोकांचं त्यात अभिनंदन केलं आहे. ते स्वीकारावं, कारण त्यात आपणही आलात. आपल्या मनात आपला शब्द नेहमी शेवटचा असतो, समोरचा ऐनवेळी गडबडतो, आणि आपण म्हणू तेच बोलतो. हे उत्तम प्रकृतीचं लक्षण आहे. आज ज्या माणसाला आपण असं हरवलंत, तो बहुधा शेजारच्याच खोलीत असेल. भांडण झालं हे त्याला अजून माहीतही नाही. त्याचं म्हणणं काय होतं हे ऐकायचं असेल, तर सध्या तरी त्यासाठी कुठल्या कारखान्याची गरज नाही.