मले ठसका लागला नाही

बाळंतपण करावं तर पार्बताबाईनंच! हे मी नाही म्हणत. अमरावतीतल्या आमच्या आळीतल्या अर्ध्या बाया म्हणत, आणि राहिलेल्या अर्ध्या जळत. माही स्वतःची पाच बाळंतपणं, जावांची सात. एकीलेही वारं लागू देलं नाही. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेली, पण बाळंतिणीच्या खोलीत मले शिकवणारी अजून जन्माले यायची होती. असं मले वाटे.

माही लेक शकुन अकोल्याहून पहिल्या बाळंतपणाले आली, ते दिवस हिवाळ्याचे. तिची सासू माणिकबाई तिले पाठवाले तयारच नव्हती. "आमच्या इथं दवाखाना जवळ आहे," म्हणे. मी अशी भांडली, अशी भांडली, का शेवटी तिनं हात जोडले. मी तिले वचन देलं, "सव्वा महिन्यात पोरीचं नखही दुखलं, तर त्याच दिवशी घेऊन जा!"

मग खोली तयार केली. आमचा धंदा भाजीपाल्याचा, म्हणून त्या खोलीत कांद्याचे ढीग, लसणाच्या जुड्या, वाळल्या मिरच्याचं पोतं. ते असू देलं. घरची लक्ष्मी आहे, कुठं हलवता! खिडकीत जुनी वाकळ कोंबली. वरचा झरोका शेणामातीनं लिपला. दाराखाली गोणपाट. मुंगीले आत यायचं तर तिनं मले विचारावं! खाटेखाली गोवऱ्याची शेगडी, तीन वेळा ओव्याची-शेपाची धुरी, कोपऱ्यात घासलेटची चिमणी, आणि वरच्या दोरीवर ओले लंगोट.

नातू झाला! आठव्या दिवशी मुन्सिपालटीच्या नर्स दुर्गाबाई आल्या. दारातच थबकल्या.

"पार्बताबाई, ही बाळंतिणीची खोली आहे की वीटभट्टी? ती वाकळ काढा आधी! शेगडी अंगणात पेटवा, धूर सरून निखारे लाल झाले की मग घटकाभर आत आणा, आणि खिडकी उघडी ठेवून. ओले कपडे उन्हात घाला. कांदे-मिरच्या बाहेर काढा."

"बाई, तुमची बाळंतपणं किती झाली?"

"माझं लग्न व्हायचंय अजून."

"मग चाला!"

गेल्या बिचाऱ्या. आमचे मालक उत्तमराव हळूच म्हणाले, "शकुनची माय, छपराचं एखादं कवेलू सरकवू काय?" मी नुसतं त्याईच्याकडं पाहिलं. ते वांग्याले पाणी द्याले निघून गेले.

शकुन खोकून राहिली होती. "माय, डोळे चुरचुरतात व. थोडीशी खिडकी..."

"गप! वारं लागंन!"

दहाव्या दिवसापासून लेकरू जे रडाले लागलं, ते थांबंच ना! डोळे लाल, नाक गच्च. मी काय समजायचं ते समजली. नजर! एवढं गोरं लेकरू, लागणारच.

बारशाच्या दिवशी दुपारी माणिकबाई आणि जावई सहदेवराव टांग्यातून उतरले. दोघं खोलीत आले, आणि माणिकबाई लेकरावर वाकायच्या आधीच खोकाले लागल्या.

"इहीणबाई, धूर लय झाला हो!"

"कावून, अकोल्याच्या चुली काय बिनधुराच्या असतात?"

तेवढ्यात लेकरू असं किंचाळलं, का मले खात्रीच झाली. ही तर हिचीच नजर, ताजी ताजी! मी दार लावून घेतलं, नजर बाहेर सुटून जाऊ नये म्हणून. मीठ-मोहरी आणि दोन मिरच्या लेकरावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या.

आता ज्याले माहीत नसंन त्याले सांगते. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला, तर नजर नव्हती. ठसका लागलाच नाही, तर नजर जबर! आणि ठसका कोणाले लागाले पाहिजे? नजर काढणारीले! बाकीच्याईचा खोकला आमच्या घरी धरत नाहीत. हा कायदा माहाच.

मी नाक पुढं केलं. काही नाही! आणखी पाच मिरच्या टाकल्या. काहीच नाही! बापरे, म्हटलं, ही नजर आहे का मारुतीची शेपटी!

माणिकबाई खोकता खोकता भिंतीले टेकल्या. मी मनात म्हटलं, नजर हिचीच, तिलेच झोंबून राहिली. सहदेवराव डोळ्याले धोतर लावून ओरडून राहिले, "सासूबाई, दार! दार!" मी म्हटलं, जावयाची जात, नखरे असायचेच. पोत्यात हात घातला आणि एक मूठ मिरच्या शेगडीत ओतल्या.

आणि लेकराचं रडणं थांबलं.

"पाहा!" मी छाती फुगवून म्हटलं. "उतरली का नाही नजर?"

"माय!" शकुन ओरडली. "माय, तो श्वास घेत नाही!"

तेवढ्यात खिडकीतली वाकळ धाडकन आत पडली. बाहेरून उत्तमरावांनी कुदळीचा दांडा घातला होता! पस्तीस वर्षांच्या संसारात त्याईनं मले न विचारता केलेलं ते पहिलं काम. सहदेवरावांनी दार उघडून लेकरू उचललं आणि अंगणात धावले. अंगणात बारशाले आलेल्या दुर्गाबाई होत्या. त्याईनं लेकरू पालथं घेतलं, पाठ चोळली, तळवे चोळले. एकीकडं घुगऱ्याचं पातेलं, एकीकडं सजवलेला पाळणा, आणि मी मधात उभी. माह्या हातात अजून चार मिरच्या होत्या.

मग लेकरू रडलं! अहो, असं गोड रडणं मी बारा बाळंतपणात नाही ऐकलं.

दुर्गाबाईंनी पाहिलं, सारे खोकून राहिले, सगळ्याईच्या नाका-डोळ्यातून धारा, आणि मी एकटी कोरडी. त्याईनं शेगडीतली एक जळती मिरची चिमट्यानं आणून माह्या नाकाखाली धरली.

"वास येतो?"

"कशाचा?"

त्या एकदम नरम झाल्या. "पार्बताबाई, किती वर्षं चूल फुंकताय?"

"चाळीस."

"चाळीस वर्षांच्या धुरानं तुमचं नाक गेलंय हो."

मी उत्तमरावांकडं पाहिलं. म्हटलं, हे तरी म्हणतीन, नाही बा, असं काही नाही. ते खाली पाहत म्हणाले, "दोन वर्षांपासून दूध करपून राहिलं तुह्या हातून. वरणही. आमी तसंच खातो."

"मग सांगितलं कावून नाही?"

ते वांग्याच्या वाफ्याकडं पाहाले लागले. मलेच कळलं.

माणिकबाईनं एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मलेही दोन मारता आले असते! त्या फक्त म्हणाल्या, "इहीणबाई, तुमी वचन देलं होतं." बारसं अंगणातच उरकलं. सांजच्या गाडीनं शकुन गेली, सव्वा महिन्यातले सव्वीस दिवस बाकी ठेवून. टांग्यात बसताना तिनं माहा हात धरला. "माय, मले राग नाही व. पण मी कितीदा सांगितलं तुले."

मग मी काय काय केलं म्हणता! झरोका फोडला. सैपाकघरात चुलीवरची दोन कवेलं काढून धुराले वाट केली. कांदे, मिरच्या ओसरीत हलवल्या. शेगडी अंगणात. खिडकी रात्रंदिवस उघडी, आता तर मांजरही विचारत नाही! खोली अशी मोकळी झाली, का दुर्गाबाई पाहून म्हणाल्या, "आता कशी शोभते!" शोभते तर. फक्त तिच्यात बाळंतीण नाही.

परवा अकोल्याहून पुडकं आलं. शकुननं लेकराचं लहान झालेलं झबलं पाठवलं होतं. उत्तमरावांनी ते नाकाले लावलं आणि डोळे मिटले. "टाळूच्या तेलाचा वास येते व," म्हणाले. मग मले देलं. मी लय वेळ नाकाले धरून बसली. ते विचारत होते, "आला? आला काय?"

"आला तर!" मी म्हटलं. तुमाले म्हणून सांगते, नाही आला.

जरा वेळानं ते दबकत म्हणाले, "शकुनची माय, चुलीवरचं दूध करपून राहिलं."

मी मुकाट्यानं उठली. हेच यांनी दोन वर्षांआधी सांगितलं असतं, तर आज नातू माह्या मांडीवर असता! पण त्याईचा तरी काय दोष? दोन वर्षांआधी मी म्हटलं असतं, करपलं नाही, तुमचंच नाक बिघडलं!