पुष्पाबाईंचा नंबर

"जुन्या कंपनीला चिकटून बसलेला माणूस म्हणजे दुभती गाय! कंपनीनं दर महिन्याला पिळायचं आणि यानं शेपटीसुद्धा हलवायची नाही!"

धुळ्याच्या देवपूर भागातल्या बागेत, सकाळी फिरायला येणाऱ्या सात-आठ मंडळींसमोर रूपचंदनानांनी हे जाहीर केलं आणि खिशातून नवा फोन काढावा तशा थाटात जुनाच फोन काढला. आत मात्र नवं सिमकार्ड होतं. निम्म्या पैशांत दुप्पट इंटरनेट!

नाना धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावकला होते. आलेलं प्रत्येक पत्र ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर पोचवायला काही उरलं नाही, म्हणून ते सल्ले पोचवायचे. कंपनी बदलली तरी जुना नंबर ठेवता येतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण नवा नंबर घेतला तर पहिले तीन महिने आणखी स्वस्त होते. नानांनी नवा नंबर घेतला.

"जुना पंधरा वर्षांचा नंबर सोडला?" लताबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, विचारलं. "लोकांनी शोधायचं कुठे तुम्हाला?"

"ज्याला गरज असेल तो शोधेल!" नाना म्हणाले.

गरज असलेले लोक दुसऱ्याच दिवसापासून शोधू लागले. नानांना नव्हे.

"पुष्पाबाई, पंधरा तारखेला रिकाम्या आहात का? दीडशे पान आहे."

"कोण पुष्पाबाई? राँग नंबर!"

"बाई, माझ्या आईला तुमच्याच हातची खापरावरची पुरणपोळी पाहिजे."

"इथं पोळ्या मिळत नाहीत!"

रोज चार-पाच फोन. बंद पडलेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात, हे नानांना नंतर कळलं. पण ही पुष्पाबाई कोण, तिचा नंबर बंद का पडला, हे काही त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते फक्त खेकसायचे. पुढे पुढे तर 'हॅलो'च्या ऐवजी 'नाही!' म्हणूनच फोन उचलायचे. पुण्याहून त्यांच्या मुलानं, ललितनं, दुसऱ्या फोनवरून विचारलं, "नाना, बरे आहात ना?" तर त्यालाही 'नाही!' असं उत्तर मिळालं आणि बिचारा रजा टाकायला निघाला!

असे चार महिने गेले. एका दुपारी नाना नुकतेच आडवे झाले होते, तेवढ्यात फोन वाजला.

"पुष्पाअक्का आहेत का?"

"पुष्पाबाई नाहीत आता!"

"नाहीत? ... केव्हापासून?"

"चार महिने झाले!"

"अरे देवा! आम्हाला पत्ताच नाही. फार त्रास झाला का हो?"

"विचारूच नका! रोजचा त्रास! दुपारची झोप नाही की काही नाही!"

"सुटल्या म्हणायचं," पलीकडचा माणूस जड आवाजात म्हणाला आणि फोन ठेवला.

'कशातून सुटल्या?' असं नानांच्या मनात आलं. पण झोप जास्त जवळ होती.

त्यानंतर नवल घडलं. फोन कमी झाले. आठवडाभरात तर बंदच पडले. "लोकांना ठणकावून सांगावं लागतं," नानांनी बागेत सांगितलं.

दहाव्या दिवशी सकाळी फोन आला.

"मी साक्रीहून रतिलाल. मागे बोलणं झालं होतं आपलं. आम्ही आठ-दहा जण जीप करून नेरला दारावर यायला निघतोय. अक्काचं घर स्टँडवरून कुठल्या अंगाला?"

"दारावर? कुणी गेलं का?"

"असं काय करता! पुष्पाअक्का नाही का गेल्या? तुम्हीच तर सांगितलं!"

नाना ताडकन उठून बसले. "अहो, मी म्हटलं त्या इथं नाहीत! गेल्या असं नाही..."

"हॅलो? आवाज तुटतोय. येतोच आहोत, समोर बोलू."

फोन कटला. नानांनी परत लावला. गच्चीवर जाऊन लावला, गॅलरीतून अर्धं अंग बाहेर काढून लावला. निम्म्या पैशांत दुप्पट इंटरनेट देणारी कंपनी एक साधं वाक्य साक्रीपर्यंत पोचवेना!

लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे रिचार्ज वाचवायला तुम्ही एक जिवंत बाई मारली."

"जिवंत आहे हे तरी कुठे माहीत आहे?" नाना म्हणाले आणि स्वतःच घाबरले.

"चला नेरला. चपला घाला."

बस कुसुंब्याला थांबली तेव्हा नाना खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. रोजचे चार-पाच फोन. चार महिने. कुणाच्या घरी साखरपुडा होता, कुणाच्या म्हाताऱ्या आईला शेवटचं काही खायचं होतं. ती सगळी माणसं कुणाला तरी शोधत आपल्यापर्यंत आली आणि आपण त्यांना दारातून हाकललं. तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या टेबलावर गेलं नव्हतं आपल्या हातून.

नेरला घर लगेच सापडलं. पत्र्याच्या घरापुढे साठीच्या एक बाई खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या.

"पुष्पाबाई आपणच?" नानांनी विचारलं.

"हां भाऊ."

"बऱ्या आहात ना?"

"बरी शे. तुम्ही कोन?"

नानांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी हातच जोडले. कुठून सुरुवात करावी याची ते जुळवाजुळव करत होते तोवर गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि रडण्याचा आवाज आला, "अक्का वंsss!"

बायका डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून अंगणात शिरल्या. पुष्पाबाईंनीही झटकन पदर पुढे ओढला. दारात कुणी रडत आलं की आधी रडायचं, मग विचारायचं, ही रीत! त्या बायकांमध्ये बसल्या, डोळ्यांना पदर लावला आणि हळूच लताबाईंना विचारलं, "कोन गयं वं माय?"

लताबाईंना हसू दाबता येईना. त्यांनीही डोळ्यांना पदर लावला.

रतिलालनं घरचाच माणूस समजून नानांचा हात हातात घेतला. "धीर धरा. काय हात होता अक्काचा! पोळी अशी की आरपार दिसावं. माझ्या नूतनच्या लग्नात व्याही पंगतीवरून उठेना. सतरा पोळ्या खाल्ल्या!"

"व्याही नै रतिलालभाऊ," पदराआडून आवाज आला. "व्याहीना भाऊ व्हता तो."

रडणं एकदम थांबलं. एका बाईचा हुंदका अर्ध्यावर लटकला. पुष्पाबाईंनी पदर मागे सारला आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"माय वं! माझ्याचसाठी रडी राहिनात का? मी त जित्ती शे!"

मग जो गोंधळ झाला! एकीनं त्यांचे हात चाचपले, एकीनं पाया पडून घेतलं. रतिलाल खाटेवर बसला, तो नेमका बिबड्यांवर. आणि सगळं शांत झाल्यावर दहा जणांची नजर नानांकडे वळली.

नानांनी उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, खेकसणंसुद्धा नाही. आता शिव्या पडणार, म्हणून ते मान खाली घालून थांबले.

पुष्पाबाईंनी वेगळंच विचारलं. "म्हणजे... फोन येत होते?"

"रोज. चार-पाच."

त्या खाली बसल्या. मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला त्या सुरतेला गेल्या होत्या. रिचार्ज महागलेलं, म्हणून फोन बंदच ठेवला. परत आल्या तर नंबर गेलेला. दुकानदारानं स्वस्तातलं दुसरं सिम दिलं. जुने लोक कुणाला विचारतील, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

"माले वाटनं, आते लोक तयार पोळ्या लेतंस. बठ्ठा लोक माले भुली ग्यात." त्यांनी घराच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं पोळ्या भाजायचं मातीचं खापर पालथं पडलं होतं आणि त्यावर कोंबडी बसली होती. मग त्या म्हणाल्या, "मीबी लावला व्हता तो नंबर. तीनदा. पाठ शे ना माले. पाहू म्हटलं, माझा नंबर आते कोनाकडे शे. 'पुष्पाबाई शेतंस का?' इचारं, त कोनी मानूस खेकसे, 'पुष्पाबाई इथं राहत नाहीत!'"

"तो मीच," नाना म्हणाले.

"मी म्हटलं, बरोबरच शे," पुष्पाबाई म्हणाल्या आणि हसल्या. पण डोळे त्यांनी यावेळी खरोखर पुसले.

नानांनी फोनमधली चार महिन्यांची यादी उघडली. एकही नंबर त्यांनी पुसला नव्हता. आळसानं का होईना, हे एक पुण्य त्यांच्या हातून घडलं होतं. नंबर पुष्पाबाईंना परत द्यायचा हे ठरलंच, पण सिम त्यांच्या नावावर करायला काही दिवस लागणार होते. तोवर हे काम दुसरं कुणी करू शकत नव्हतं. नेरला रेंज फक्त हौदाच्या कठड्यावर येत होती. एकसष्ट वर्षांचे नाना कठड्यावर चढले, लताबाईंनी खालून त्यांचा सदरा धरून ठेवला आणि एकेक नंबर लागू लागला.

"पुष्पाबाई जिवंत आहेत! हो, ठणठणीत! नाही, मी चुकीचं सांगितलं होतं!"

कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. शिव्या नानांनी नीट ऐकून घेतल्या. घसा बसला तेव्हा ऊन उतरत आलं होतं आणि खाली पुष्पाबाईंनी कोंबडीला हुसकून खापर घासायला घेतलं होतं.

फैजपूरच्या एका आजीनं सगळं ऐकून घेतलं. "जिवंत आहे ना? बरं झालं. मग आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, वीस पोळ्या लिहून घे. गुळाच्या."

नानांनी पाकिटातून बसचं तिकीट काढलं आणि मागच्या बाजूला लिहून घेतलं.

"आणि तू कोण रे, बाबा?"

रूपचंदनानांनी खाली पाहिलं. लताबाई वर बघत होत्या.

"मी फोन उचलतो, आजी," ते म्हणाले. "पुष्पाबाईंचा."