भोपळ्याचं काय करायचं?

कुत्र्यांचं मन मला वर्तमानपत्रासारखं वाचता येतं. हे मी आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी बायकोला ते खरं वाटलं आणि ती एक कुत्रा घेऊन आली!

बायको दवाखान्यात नर्स आहे. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेतो. घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. बायको कामावरून येताना अनाथ प्राण्यांच्या आश्रमात डोकावली आणि हे पिवळं, गोल, एक कान पडलेलं प्रकरण रिक्षात घालून आली. आधी तो कुठल्याशा गोदामावर राखणीला होता. गोदाम बंद पडलं, माणसं निघून गेली आणि हा कुलपाबाहेर बसून राहिला.

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"याला भोपळा म्हणा! जावईबापू मुलांना देतात तो वेगळा, हा आपला."

भोपळ्याच्या गळ्यात एक चिठ्ठी होती. आश्रमाच्या बाईंनी घाईघाईत खरडलेली. मुलांची भयानक अक्षरं वाचण्यात माझी हयात गेलेली. मी चष्मा लावून ती सहज वाचून दाखवली.

"याच्यासमोर 'घर' म्हणू नका. अंगावर येतो."

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "असं का?"

"साहजिक आहे!" मी म्हणालो. "बिचाऱ्याला घर नाही. शब्द ऐकला की जखम ओली होते. मन आहे त्याला!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

त्या दिवसापासून आमच्याकडे 'घर' हा शब्द बंद! सासूबाई फोनवर बहिणीला सांगू लागल्या, "हो गं, मी निवासातच आहे." बहिणीला वाटलं, आम्ही त्यांना वृद्धाश्रमात टाकलं. ती दोन दिवस रडत होती. पोस्टमन दारात येऊन "मास्तरांचं घ..." एवढंच म्हणाला आणि मी झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून तो आमची पत्रं फाटकावरूनच फेकतो.

एवढं करूनही तिसऱ्या दिवशी व्हायचं ते झालं. बायको कामावर निघाली होती. मी स्वयंपाकघरातून तिचा डबा आणला आणि म्हणालो, "हा धर. आणि संध्याकाळी लवकर ये."

भोपळा कोपऱ्यात घोरत होता. तो तिथून जो सुटला तो बायकोच्या बाहीला लटकला! गुरगुर नाही, भुंकणं नाही, नुसता लटकलेला! बिस्किट नाकाला लावलं तेव्हा कुठे सुटला.

"कोण 'घर' म्हणालं?" मी गरजलो.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "सकाळी कांदा ओट्यावरून घरंगळला, असं मी म्हणाले होते."

"तेच ते! घरंगळला! त्यात 'घर' आहे, आई!"

"पण त्याला चार तास झाले!"

"दुःख कुत्र्याच्या मनात साठत जातं!" मी सांगितलं. मला मन वाचता येत असल्यामुळे कुणी वाद घातला नाही.

मग शिकवणीतही तेच सुरू झालं. भोपळा टेबलाखाली झोपायचा. वर्गातल्या चारही मुलांना मी खणखणीत आवाजात म्हणायचो, "या त्रिकोणाची बाजू क्ष धरा!" तो कूससुद्धा बदलायचा नाही. पण एकीला फळ्यापाशी बोलावलं, "हं, तू सोडव. आधी ही बाजू क्ष धर," की भोपळ्यानं तिच्या सलवारीचा पाय तोंडात घेतलाच! मी अनुमान काढलं, की त्याला खडूचा वास सोसत नाही. खडू गेला, पांढरा फळा आला, शाईचं पेन आलं. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी दुसरा विद्यार्थी, आणि त्याच्या पायाला पुन्हा भोपळा!

आता मी शास्त्र हातात घेतलं. चौकटीच्या कागदावर तक्ता आखला. तारीख, वेळ, कुणाला धरलं, कपड्यांचा रंग, त्या दिवशीचं ऊन. आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. कातडीला दात एकदाही लागला नव्हता, फक्त कापड. पण पुढच्या वेळी काय लागेल, कोण सांगणार? तक्त्यातून मात्र एक गोष्ट लख्ख दिसली. मला एकदाही धरलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

"सापडलं!" मी ओरडलो. "हा वडीलधाऱ्यांना मान देतो!"

"संस्कार आहेत हो त्याच्यावर," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

सिद्धतेसाठी मी दादाला बोलावलं. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, धंद्यानं शिंपी. आला तो स्वतः शिवलेली नवी पँट घालून. भोपळ्यानं त्याचा हात चाटला, शेपूट हलवली, पायाशी लोळण घेतली.

"बघितलंस?" मी विजयी मुद्रेनं पाण्याचा पेला पुढे केला. "दादा, धर."

पेला वर गेला, दादा खाली आला आणि पँटचा एक पाय भोपळ्याकडे गेला!

"मोठ्यांना मान देतो म्हणालास ना रे!" दादा जमिनीवरून ओरडला. मग उठून त्यानं पाय उलटासुलटा करून पाहिला. "कापड फाटलं, पण शिवण उसवली नाही. बघ! याला म्हणतात हात!"

दादाचं समाधान झालं. मुलांच्या पालकांचं होईना. त्यांनी निरोप धाडला, कुत्रा तरी ठेवा नाहीतर शिकवणी. मी आश्रमात फोन केला. रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाले. परत आलेला कुत्रा सहसा कुणी नेत नाही, तो मागच्या पिंजऱ्यातच राहतो, हेही त्यांनी सांगितलं.

बायकोला हे सांगणं सोपं नव्हतं. बारा तास उभं राहून ती दारात यायची, तेव्हा भोपळा तिच्या पावलांवर हनुवटी टेकवून बसायचा. ती दहा मिनिटं तशीच, चप्पलसुद्धा न काढता बसून राहायची. मीही तिची दखल घ्यायचो. वहीतून डोकं वर न काढता "आलीस?" म्हणायचो. पण खरं सांगतो, भोपळ्याचं स्वागत माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला त्याचं मन वाचता येतं ना? मग त्याला तुम्हीच सांगा."

मी सांगायला बसलो. त्यानं माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला. मी त्याला वर्गमूळ काढायची रीत सांगितली आणि उठलो.

रविवारी आश्रमाच्या बाई आल्या. हातात साखळी, कागदांची चळत, चेहऱ्यावर नाराजी. बायको भोपळ्याच्या पाठीवर हात ठेवून जमिनीवरच बसली होती.

"चिठ्ठी लिहून दिली होती की मी!" बाई म्हणाल्या. "वाचली नाहीत?"

"वाचली!" मी तडकलो. "पाळलीसुद्धा! गेले तीन आठवडे या वास्तूत कुणी 'घर' म्हटलेलं नाही!"

"काय म्हटलेलं नाही?"

"घर!"

भोपळ्यानं जांभई दिली. बाईंनी चिठ्ठी मागितली, ती माझ्या नाकासमोर धरली आणि माझ्याकडे बोट रोखून प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "अहो मास्तर, घर नाही! ध! र! धर!"

पुढच्या क्षणी माझा पायजमा भोपळ्याच्या तोंडात होता.

"सोड!" बाई म्हणाल्या. त्यानं लगेच सोडला आणि शेपूट हलवत बसला. "गोदामावर त्याला हेच शिकवलं होतं. तो शब्द ऐकला की धरायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं. मागच्या बाजूला लिहिलंय. चिठ्ठी उलटून पाहिली नाहीत?"

कागद दोन्ही बाजूंनी वाचा, असं मी मुलांना वीस वर्षं सांगत आलोय.

"पण हा 'ध' आहे? याच्या डोक्यावर रेघ आहे! माझ्या वर्गात याला अर्धा गुण कापला असता!" मी शेवटचा प्रयत्न केला.

"लोक 'ध'चा 'मा' करतात," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "जावईबापूंनी 'घ' केला! तरीच म्हटलं, हे क्ष धरतात आणि तो माणूस धरतो!"

सगळा हिशेब माझ्या डोळ्यांपुढे उलगडला. वर्गाला मी 'धरा' म्हणतो, एकट्याला 'धर'. सासूबाईंना 'आई, हे धरा'. बायकोला आणि दादाला 'धर'. आणि मला? मला घरात सगळे अहो-जाहो करतात, म्हणून मी सुखरूप! तीन आठवडे त्या जनावरानं माझा प्रत्येक हुकूम पाळला होता आणि मी त्याला लहरी म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं तो चाटला. मनात काही ठेवलेलं दिसलं नाही. पण ते माझं मत आहे, आणि माझ्या मतांचं तुम्ही पाहिलंतच.

"मग याचं काय करायचं?" बाईंनी साखळी वाजवली.

"हा राहील," बायको म्हणाली. "यांची शिकवणी गाडीच्या शेडमध्ये जाईल."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी आधीच मान डोलावली होती.

शेडमध्ये उजेड चांगला येतो. मुलंही तिथे रमली आहेत. मी घरात बायकोपुढे चहाचा कप करतो तेव्हा "घे" म्हणतो, आणि ती कामावरून येऊन दारात दिसली की वही मिटून उठतो. मला हल्ली ते आवडायला लागलंय.

त्या दिवशी निघण्यापूर्वी बाईंनी आश्रमाचा कायमचा फॉर्म बायकोपुढे ठेवला. त्यात एक प्रश्न होता. 'घरात कुत्र्याला त्रास होईल असं कुणी आहे का?' बायकोनं क्षणभर विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "आहेत. पण स्वभावानं गरीब आहेत, शिकवलं तर शिकतील."

खाली 'वरील माहिती खरी आहे' असं छापलं होतं आणि तिथे घरातल्या कर्त्या पुरुषाची सही हवी होती.

मी कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि सही केली.