सूर्यावरून चाललेला ठिपका

देवव्रत सर उन्हाळी प्रकल्पासाठी एकच विद्यार्थी निवडणार होते. त्यासाठी बीएस्सीच्या मुलांनी पंधरा दिवस सूर्यावरचे डाग मोजून वही द्यायची होती. विंचूरची यशश्री पंचवटीत सिंधुबाईंकडे भाड्याने राहायची. रोज सकाळी दहाला ती गच्चीवर कॉलेजची दुर्बीण लावी, सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडी आणि सिंधुबाईंच्या कुरडयांना धक्का न लावता डाग मोजी.

शेवटच्या दिवशी जिलेबी खाऊन ती तशीच घाईने वर आली, तर सूर्याच्या कडेला एक नवा ठिपका! आणि तो चालत होता. एरवी डाग सरकायला दिवसच्या दिवस लागतात. हा पठ्ठ्या चार मिनिटांत पाव सूर्य ओलांडून आला. यशश्रीने दर मिनिटाला खूण केली, शेजारी वेळ लिहिली आणि सरांना फोन लावला.

"सर, सूर्यासमोरून बुध चाललाय!"

"आज बुधाची पाळी नाही. नीट तपास."

यशश्रीने तपासलं नाही, विचार केला. बुध नाही, म्हणजे हा कुणालाच माहीत नसलेला ग्रह! तिने वर्गाच्या ग्रुपवर तसं टाकलंसुद्धा. प्रफुल्लने लगेच ग्रहाचं 'यशश्री' असं बारसंही उरकलं. शेजारचे चिंतामण गुरुजी पंचांग घेऊन वर आले. तेवढ्यात ठिपका थबकला आणि उलटा फिरला.

"वक्री झाला!" गुरुजी ओरडले.

सिंधुबाई कुरडया सोडून कागदावर वाकल्या. "यशे, ग्रहाला पाय राहतात का गं?"

"नाही हो मावशी."

"याला हायेत. सहा."

यशश्रीने दुर्बिणीचा आयपीस काढून फुंकर मारली. जिलेबीच्या पाकामागे आत शिरलेली मुंगी बाहेर पडली आणि कुरडयांकडे निघाली.

"पान फाडून टाक. कोणाला कळतंय?" गुरुजी हळूच म्हणाले.

यशश्रीचा हात पानापर्यंत गेलाही. मग तिने पेन उचललं. 'ठिपक्याला सहा पाय निघाले, म्हणजे मुंगी. आयपीसला पाक लागला होता. चूक माझी.'

दुसऱ्या दिवशी सरांनी ते भर वर्गात वाचलं. वर्ग खो खो हसला. यशश्रीला वाटलं, आता सरळ विंचूरची एसटी धरावी.

"बाकीच्या बावीस वह्यांत एकही चूक नाही," सर शांतपणे म्हणाले. "मंगळवारी-बुधवारी दिवसभर आभाळ होतं, तरी सगळ्यांनी डाग मोजलेत. प्रफुल्लने तर सतरा. हिने लिहिलंय, 'ढगाळ, काही दिसलं नाही.' आणि मुंगीचीसुद्धा मिनिटामिनिटाची नोंद आहे. प्रकल्पाला यशश्री येईल."

यशश्री वही घ्यायला पुढे आली.

"पण एक सांग," सर वही मिटत म्हणाले, "पाय कोणी मोजले?"

"आमच्या घरमालकीणबाईंनी, सर."

"उन्हाळ्यात त्या मोकळ्या आहेत का, विचार जरा."