साखरेचं खापर

चिरंजीव दवाखान्यातून आले ते थेट स्वयंपाकघरात, आणि चपला न काढताच त्यांनी निकाल जाहीर केला. "आई, माझी साखर वाढली ती तुझ्यामुळे!"

आई गाजरं किसत होती. तिचा हात थांबला नाही.

"डॉक्टर म्हणाले, पोटात असल्यापासून पहिली दोन वर्षं मुलाला जे मिळतं, त्यानं जीन्सची बटणं चालू-बंद होतात. पुढच्या तब्येतीचा पाया तिथंच पडतो."

"आणि पुढं काय म्हणाले?"

"काहीतरी चाला, गोड सोडा वगैरे. ते महत्त्वाचं नाही."

आता मात्र आईचं पित्त खवळलं. हाच मुलगा घासागणिक तोंड फिरवायचा. वाटी घेऊन ती त्याच्यामागे घरभर धावली होती. त्याचे हे पांग फेडले होते लेकानं! तिनं हात धुतले.

"मी तुझी बटणं बिघडवली ना? मग नातीची तरी कशाला बिघडवू? उद्यापासून तिला तूच भरव."

"भरवीन! शास्त्रशुद्ध भरवीन!"

सुनेनं कामावर निघताना एवढंच सांगितलं, "मी आईंच्या बाजूनं आहे."

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी रजा टाकली, गाजर उकडलं, घोटलं, गाळलं. नऊ महिन्यांच्या लेकीनं पहिला घास त्यांच्या शर्टावर परत केला. दुसरा चष्म्यावर. तिसऱ्याला तिनं वाटीच उडवली आणि भोकाड पसरलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"सर, मुलीच्या जीन्सचा प्रश्न आहे!"

"मग मीटिंगला तिला पाठवा!"

आई बाहेरच्या खोलीत बसून होती. नातीच्या रडण्यानं तिचा जीव कासावीस होत होता, पण उठली असती तर खटलाच हरली असती. मरू दे तो खटला, असं दोनदा मनात आलं, तरी ती बसून राहिली.

अचानक रडणं थांबलं. ही शांतता काही खरी नव्हती. आई दारात येऊन उभी राहिली. नात मांडीवर बसून क्रीमचं बिस्किट चोखत होती, आणि दुसरं तिच्या बापाच्या तोंडात होतं.

"हे काय रे?"

"रडत होती गं! एवढंसंच दिलं. मी तरी काय करणार?"

त्यानं काकुळतीला येऊन वाटी पुढं केली. आईनं ती घेतली नाही. नातीला तेवढं उचलून कडेवर घेतलं.

"दे हो, दे बिस्किटं. चाळीस वर्षांनी हीसुद्धा डॉक्टरांकडून तणतणत घरी येईल. त्या दिवशी दार तू उघड."