निम्मं गाणं माजघरात

शिवलिंगअप्पांनी त्या दिवशी डोकं चालवलं नसतं, तर सगळं नीट पार पडलं असतं.

मेहुणी लीला रेडिओवर गाणार होती. दुपारी चारला, मोजून दहा मिनिटं. ते ऐकायला सासूबाई गंगम्मा माकणीहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मुरुमला आल्या होत्या. (जावयाला भेटायला त्या कधी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जावई म्हणजे पोरीच्या नशिबाचा भाग, एवढंच त्यांचं मत.) अर्धी गल्ली जमणार. बाप्ये सोप्यावर, बाया माजघरात. रेडिओ मात्र एकच.

"मधल्या दारात ठेवा की," बायको जगदेवी म्हणाली.

इतका सोपा उपाय अप्पांना कसा पटावा?

"थांब. एक कर्णा आत लावतो, एक बाहेर. मधी एक बटण. आत फिरवलं की आवाज आत, बाहेर फिरवलं की बाहेर. मधोमध ठेवलं की दोन्हीकडं निम्मा-निम्मा!"

अप्पा आडतीवर तोलाचे कारकून. गूळ दोन पारड्यांत निम्मा-निम्मा टाकला की बेरीज पुरी भरते, हे ज्ञान त्यांनी वीस वर्षं काट्याशेजारी बसून मिळवलं होतं. पण कर्णे आणि अॅम्प्लिफायर उसने देणारा बंडप्पा रेडिओवाला मान हलवू लागला.

"अप्पा, गेनचा, म्हंजे आवाज वाढवायचा-उतरवायचा, हिशोब येगळा असतो. मधी आठ-आठ आणे धरू नका. सव्वाअकरा-सव्वाअकरा धरा."

"रुपयाचे साडेबावीस आणे? वरचे साडेसहा तुझा बाप घालतो का?"

"अवो, बटणानं विजेचा दाब निम्मा केला की जोर निम्मा न्हाय, पाव राहतो. सव्वाअकराला अर्धा-अर्धा जोर मिळून पुरा भरतो; आठ-आठला पाव अन् पाव, अर्धा. बाकीचा अर्धा गेला."

"गेला कुठं? उंदरांनी खाल्ला?"

बंडप्पानं हात जोडले आणि तो निघून गेला.

अप्पांनी बटण पूर्ण आत फिरवून बघितलं. फळीवरची भांडी थरथरली. पूर्ण बाहेर फिरवलं, तर सोप्याखाली झोपलेलं कुत्रं जे पळालं ते संध्याकाळीच परतलं. मधोमध ठेवून मात्र बघितलं नाही. आठ अन् आठ सोळा, त्यात बघायचं काय?

चार वाजले. निवेदिकेनं लीलाचं नाव घेतलं. गल्ली कौतुकानं हुंकारली. अप्पांनी दोऱ्यानं मोजून बटण अगदी मध्यावर आणलं आणि गाणं सुरू झालं. म्हणजे झालं असावं. अंगणातल्या चिमण्या त्याहून मोठ्यानं ओरडत होत्या.

"अय्यो, पोरगी आजारी हाय का काय?" माजघरातून गंगम्मा.

बटण आत.

"अप्पा, रेडिओ मेला का हो?" सोप्यावरून चारजण.

बटण बाहेर.

"यव्वा! गेली की पोरगी!"

बटण आत, बटण बाहेर. अप्पांच्या मनगटाला कळ लागली, घामानं बोटं निसटू लागली. तेवढ्यात त्यांची नजर माजघरात गेली. गंगम्मा पदर डोळ्यांना लावून मुक्या कर्ण्याकडं बघत बसल्या होत्या. एवढ्या लांबून म्हातारी आली ती कशासाठी, आणि आपण हे काय मांडलंय? अप्पांना स्वतःची लाज वाटली.

जगदेवी तरातरा उठली. आईचा दंड धरून तिनं तिला थेट सोप्यावर आणून बसवलं. मागोमाग सगळ्या बाया आल्या. बाप्ये मुकाट्यानं अंगणात उतरले. "आता फिरवा बाहेर, अन् हात काढा तिथनं!" ती नवऱ्याला म्हणाली.

शेवटची तीन मिनिटं लीलाचा आवाज गल्लीभर घुमला. गंगम्मा रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या.

आठवड्यानं लीला आली. जेवताना तिनं विचारलं, "दाजी, कसं झालं माझं गाणं?"

आधी बटणाच्या नादात आणि नंतर शरमेपोटी अप्पांचं त्यातल्या एका शब्दाकडंही लक्ष गेलं नव्हतं. पण अजून मुक्कामाला असलेल्या सासूबाई समोरच बसल्या होत्या.

"लई ग्वाड!" अप्पा म्हणाले. "सगळंच ग्वाड, पर ते मधलं कडवं ऐकताना तर माझ्या डोळ्याला पाणीच आलं."

लीलाचा घास हातातच राहिला.

"मधलं कडवं? येळ कमी पडला म्हणून ते म्या म्हटलंच न्हाय, दाजी."